बेबी कालव्यातली जलपर्णी आणि न पाळलेला करार

थंडी ओसरली की पुण्याच्या पूर्वेला जुन्या मुठा उजव्या कालव्यात पाणी दिसेनासे होते. सगळा हवेली-दौंड भाग या कालव्याला बेबी कालवा म्हणतो. लोणी काळभोर, कुंजीरवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात काठावर उभे राहिले तर खाली नुसती हिरवीगार, तकतकीत पाने आणि मधूनमधून फिकट जांभळी फुले. मग दरवर्षीचे सगळे ओळीने सुरू होते. पेपरात फोटो येतो, ग्रामपंचायतीचे निवेदन जाते, पोकलेन येते, काठावर ढीग पडतात आणि तिथेच कुजतात. पुढचे आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पुढची पाळी, सुटेपर्यंत कालवा पुन्हा भरलेला असतो.

जलपर्णी काढायची कशी, यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. मशीनने काढावी, फवारणी करावी, तिचे खत करावे, टोपल्या विणाव्यात. माझे म्हणणे असे आहे की बेबी कालव्यापुरता तरी हा तण काढण्याचा प्रश्न नाही. पुणे शहर आणि पूर्वेकडचा शेतकरी यांच्यात पाण्याची एक अदलाबदल ठरली आहे. तिच्यातली शहराची बाजू पुरी झालेली नाही, आणि ते रोज सगळ्यांना दिसावे असे कालव्यावर पसरलेले आहे.

खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. शहर आणि लष्कर छावणीला पाणी मिळाले, पण धरणामागचा मोठा हेतू पूर्वेकडच्या कोरड्या मुलखाला भिजवण्याचा होता. हवेली, दौंड, इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग. नवा मुठा उजवा कालवा तर इंदापूरपर्यंत दोनशे किलोमीटरच्या वर जातो. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर झाले, चारही धरणांची साठवण मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास गेली, आणि त्याच काळात शहर अनेक पटींनी वाढले. शहराला पाणी लागणारच. त्याबद्दल खेड्यातल्या माणसाचीही फारशी तक्रार नाही, कारण त्याची पोरे त्याच शहरात शिकतात, नोकरी करतात.

तेव्हा तोड निघाली ती अशी: शहराने धरणातले स्वच्छ पाणी जास्तीचे घ्यावे आणि त्याच्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला द्यावे. त्यासाठी मुंढव्याला नदीकाठी जॅकवेल, म्हणजे पंपाने पाणी उचलायची विहीर, बांधली. तिथून पाणी उचलून बेबी कालव्यात सोडायचे. मला ही कल्पना आजही योग्य वाटते. पाणी एकदा वापरून नदीत ओतून देण्याची चैन आता महाराष्ट्राला परवडणारी नाही. म्हणून कुणी ‘जॅकवेल बंद करा’ म्हणाले तर मी त्याच्या बाजूने नाही. दोष कल्पनेत नाही, ‘प्रक्रिया केलेले’ या दोन शब्दांपाशी आहे.

हिशेब करून पाहा. साडेसहा टीएमसी म्हणजे सरासरी दिवसाला पन्नास कोटी लिटर. पुणे महापालिकेच्या जुन्या सगळ्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची एकत्रित क्षमता ४७.७ कोटी लिटर, तीही कागदावरची. म्हणजे सगळी केंद्रे पूर्ण क्षमतेने चालली, शुद्ध झालेला थेंबन् थेंब मुंढव्याला पोचला, तरी ठरलेली भरती होत नाही. आणि तसे होतही नाही, कारण जॅकवेल पाणी केंद्राच्या नळातून घेत नाही, नदीतून घेते. नदीत वरच्या अंगाला नाल्यांचे कच्चे मैलापाणी मिसळलेले असते. मुळा नदी पिंपरी-चिंचवडकडचे घेऊन येते ते वेगळेच. एकदा नदीत मिसळल्यावर यातले शुद्ध किती आणि कच्चे किती, हे कोण वेगळे करणार? जपानच्या कर्जातून ११ नवी केंद्रे, ३९.६ कोटी लिटर क्षमतेची, उभारायचे ठरले. त्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मधला आहे. तेव्हा शाळेत नुकतेच घातलेले मूल आज दहावीच्या आसपास आले असेल, आणि या सगळ्या वर्षांत कालव्याला मात्र पाणी जातच राहिले.

आता जलपर्णीकडे येऊ. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फुलांच्या हौसेपायी ती बंगालात आली आणि तिथून देशभर गेली. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात. कधी एक रोप उपटून हातात धरून पाहावे. पानाचा देठ मधोमध फुगलेला असतो. तो चिरला तर आत स्पंजासारखी हवेची घरे, त्यावर सगळे रोप तरंगते. खाली मुळांचा झुबका, काळपट जांभळा, पिसासारखा बारीक, कधी हातभर लांब. जमिनीशी त्याचा काही संबंध नसतो. जे काही खायचे ते पाण्यातच विरघळलेले असावे लागते. बाजूने एक आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला नवे रोप, त्याला पुन्हा धुमारा. ऊबदार आणि खतावलेल्या पाण्यात दोनेक आठवड्यांत पसारा दुप्पट होतो. दिवाळीला एक रोप मागे राहिले तर चैत्रापर्यंत त्याची हजार होऊ शकतात. बी गाळात पंधरा-वीस वर्षेही जिवंत राहते. अशा रोपाला वर्षातून एकदा पोकलेन लावून हटवता येईल, ही आशा पहिल्यापासूनच चुकीची आहे.

पण याच रोपाची एक दुबळी बाजू आहे: उपाशी ठेवले तर ते वाढत नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या स्वच्छ ओढ्यात टाकले तर मरतुकडे राहते. त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि तो बेबी कालव्यात येतो कुठून, याचेही गणित करता येते. भारतीय आहारावर राहणाऱ्या एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अडीच किलो नायट्रोजन बाहेर पडतो. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. तीच जुनी संख्या धरली तरी हे पावणेआठ हजार टनांच्या घरात जाते. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या गोणीत वीस किलोच्या आसपास नायट्रोजन असतो. म्हणजे वर्षाला पावणेचार लाख गोण्या युरिया एका शहराच्या गटारांत पडतो. साबण-पावडरीतला फॉस्फरस वेगळा. सगळे काही कालव्यात येत नाही, काही केंद्रांत अडते, काही नदीने खाली उजनी धरणाकडे जाते. तरीही त्यातला लहानसा हिस्सा कालवा हिरवा करायला पुरून उरतो.

आणि इथे मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे. समजा उद्या सगळी केंद्रे बिनचूक चालली, सगळे नाले जोडले गेले. तरीही जलपर्णी येईल. कारण आपल्या नियमांप्रमाणे ‘शुद्ध’ ठरलेल्या पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस असला तरी चालतो. केंद्र सरकारने २०१५ च्या मसुद्यात सांडपाण्यातल्या एकूण नायट्रोजनला लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली होती. २०१७ ची अंतिम अधिसूचना आली तेव्हा ती मर्यादा गळाली होती. सेंद्रिय घाण, तरंगते कण, विष्ठेतले जंतू आणि सामू एवढ्यांचेच निकष उरले, आणि घाणीची मर्यादाही मसुद्यातल्या १० वरून महानगरांसाठी २० वर आली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात पुन्हा कडक निकषांचा आग्रह धरला. हे सगळे दिल्लीच्या कागदांवर चाललेले. पण कालव्याच्या काठी राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की केंद्रातून निघालेले पाणी दिसायला नितळ, तपासणीत पास, आणि तरीही जलपर्णीला पोटभर.

‘पाण्यात खत असेल तर शेतकऱ्याचा फायदाच आहे’, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. या पाण्यावर ऊस फोफावतो, आणि पाणीच नसण्यापेक्षा हे बरे, असे म्हणणारे शेतकरी मलाही माहीत आहेत. पण खत शेतकऱ्याने मोजून, पिकाच्या वयाप्रमाणे टाकायचे असते. ते बारा महिने, मागितले नसताना पाण्याबरोबर आले की ऊस नुसता पाल्याने माजतो, लोळतो. साबण-सोड्याचे क्षार जमिनीत बसतात. काठच्या विहिरींना वास येतो, आणि ज्या विहिरीचे पाणी आजोबा ओंजळीने प्यायले तिथे आता घागर बुडवत नाहीत. सोरतापवाडीसारख्या गावांत रोपवाटिका आहेत, फुलशेती आहे. भाजीवाल्याला तर हे पाणी पानांना लागलेलेही चालत नाही. दारे धरायला रात्रीचे पाण्यात उभे राहणाऱ्या माणसाच्या पायांना खाज सुटते, त्याचा हिशेब कुठल्याच करारात नाही.

जलपर्णीचा स्वतःचा उपद्रव आणखी वेगळा. आवर्तन सुटले की तिचा अख्खा थर हलतो आणि पुढच्या मोरीच्या तोंडाशी जाऊन अडकतो. मागून येणारा थर त्यावर चढतो. पाणी तुंबते, काठ भिजतो, एखाद्या जागी वरून वाहायला लागते. पाटकरी लांब बांबूला आकडा बांधून ती ओढत बसतो. चिंब भिजलेला एक भारा ओढायला दोन माणसे लागतात, कारण या रोपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. घट्ट वाढलेल्या हेक्टरभर जलपर्णीचे ओले वजन दोनशे टनांच्या पुढे जाऊ शकते. इतके करून मोरी मोकळी होईपर्यंत पाळी संपलेली असते, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या चारीत पाणी पोचतच नाही. त्याचा खोडवा वाळतो. पाणीवाटपाच्या कागदावर मात्र कालव्यात पाणी सोडलेले असते.

डासांचे तर शहरालाही कळले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडी भागात नदीवर उठलेले कीटकांचे उंच खांब देशभर दिसले. डास की दुसरे चिलटासारखे कीटक, यावर तेव्हा वाद झाला. पण ते उठले ते साचलेल्या, घाण पाण्यावरून. त्या वेळी शहर दोन-चार दिवस हादरले. त्याच पाण्याच्या काठी खालची गावे दर उन्हाळ्यात झोपतात.

उपायांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. तणनाशक मारले की पाने पिवळी पडतात, फोटो चांगला येतो. मेलेले रोप तळाशी बसते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि आत साठवलेला सगळा नायट्रोजन-फॉस्फरस पुन्हा पाण्यात सोडते. म्हणजे पुढच्या पिकाला खत तयार. शिवाय त्याच पाण्यावर भाजीपाला, द्विदल पिके आहेत आणि जनावरे पाणी पितात. कालव्यात तणनाशक मारणे मला धोक्याचे आणि अन्यायाचे वाटते. जलपर्णी खाणारे भुंगेरे १९८० च्या दशकात बंगळुरूला आणून सोडले होते आणि तिथल्या तळ्यांवर त्यांनी काम केले. पण त्यांना दोन-चार वर्षे लागतात आणि स्थिर पाणी लागते. आवर्तनाने वाहणाऱ्या आणि मध्ये कोरड्या पडणाऱ्या कालव्यात त्यांचा जम बसणे अवघड. खत, टोपल्या, बायोगॅस हे लहान प्रमाणावर जरूर करावे, बचतगटांना त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलेच आहे. मात्र शहरी सांडपाण्यातली जलपर्णी जड धातू शोषून घेते, म्हणून तिचे खत तपासल्याशिवाय शेतात टाकू नये.

‘जलपर्णी पाणी शुद्ध करते, तिला राहू द्या’ हे म्हणणेही ऐकू येते. ती पाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस ओढून घेते, हे खरे. पण तिला वेळेवर, सतत, कोवळी असतानाच काढून दूर नेले तरच पाणी शुद्ध होते. काठावरच ढीग लावून ठेवले तर पहिल्या पावसात सगळा रस परत कालव्यात. आपल्याकडच्या कामांत काढणे असते, नेणे क्वचितच असते. ठेकेदाराला पैसे किती चौरस मीटर साफ केले त्यावर मिळत असतील तर तो रोप दूर का नेईल?

यातून मी जबाबदारीच्या प्रश्नाशी येतो. नदी शहराच्या हद्दीत असेपर्यंत महापालिकेची, कालवा जलसंपदा विभागाचा, डास ग्रामपंचायतीचे, पाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाची. शेतकरी एका दारातून दुसऱ्या दारात जातो. बंगालमध्ये जलपर्णीने भातशेती आणि नौकानयन ठप्प केले तेव्हा तिथल्या विधिमंडळाने १९३६ मध्ये खास जलपर्णीचा कायदा केला. ज्याच्या जागेत जलपर्णी त्याने ती काढावी, असा त्याचा गाभा होता. तेव्हाच्या बंगालला तो शोभला असेल. आपल्या कालव्याला मात्र तो उलटा करून लावावा लागेल: ज्याच्या सांडपाण्यावर जलपर्णी पोसली त्याने ती काढण्याचा खर्च द्यावा. ती जिथे वाढली तिथल्या ग्रामपंचायतीने किंवा पाणी वापर संस्थेने तो का सोसावा? २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन सोपवायचे ठरले. व्यवस्थापन सोपवताना शहराची घाणही सोपवायची, असे त्या कायद्यात कुठे नाही.

पुणेकर यावर म्हणतील, आम्ही कर भरतो, आणखी किती भरायचे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. फॉस्फरस काढायला तुरटी किंवा लोहक्षार वापरता येतात, नायट्रोजनसाठी टाक्यांत हवा देण्याचे आणि बंद ठेवण्याचे टप्पे आखावे लागतात. जगात हे अनेक ठिकाणी रोज चालते. पैसे लागतात, वीज लागते, शिकलेली माणसे लागतात. पण धरणातले जे जास्तीचे स्वच्छ पाणी शहराला मिळते, त्याची खरी किंमत हीच आहे. आज ती किंमत खालची गावे आपल्या जमिनीतून आणि विहिरीतून भरत आहेत. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा करून स्वच्छ पाण्याची गळती, चोरी आणि बाष्पीभवन थांबवायचे सरकारने मनावर घेतले आहे, दोन टीएमसीहून जास्त पाणी त्यातून वाचेल असे सांगितले जाते. चांगली गोष्ट आहे. स्वच्छ पाण्यासाठी डोंगर पोखरायची तयारी असलेल्या राज्याला, बेबी कालव्यात काय सोडतो हे मोजायची तयारी ठेवता आली पाहिजे.

मोजणी कुठे करायची, हे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. आज शुद्धीकरण केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला जातो, आणि महापालिकेचे काम तिथे संपते. पण शेतकऱ्याच्या ताब्यात पाणी येते ते मुंढव्याला, जॅकवेलच्या तोंडाशी. देवाणघेवाणीचा काटा तिथेच लागला पाहिजे. किती पाणी दिले एवढेच तिथे मोजून भागणार नाही. नायट्रोजन, फॉस्फरस, विरघळलेला प्राणवायू, जंतू हे सगळे दर आठवड्याला तपासून आकडे जॅकवेलच्या दारावर आणि कालव्याकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. निकषात न बसणारे पाणी साडेसहा टीएमसीच्या भरतीत धरू नये. जितकी तूट पडेल तितके धरणातले स्वच्छ पाणी शेतीला द्यावे. हे एक कलम करारात आले, तर शुद्धीकरण केंद्रांना होणारा उशीर शहराला स्वतःच्या नळात जाणवेल आणि आज कुणालाच नसलेली घाई सगळ्यांना होईल. कठोर वाटेल, पण दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला डेअरीवर हाच नियम लागतो: फॅट बसली नाही तर भाव मिळत नाही.

तोपर्यंत काढणी थांबवता येणार नाही. ती उन्हाळ्यात बोंबाबोंब झाल्यावर करण्याऐवजी कार्तिकात, रोपे विरळ असताना सुरू व्हावी आणि महिन्यातून दोनदा व्हावी. पैसे काठापासून दूर नेलेल्या टनांवर द्यावेत. जॅकवेलच्या मागे नदीत तरंगते अडसर लावून रोपे कालव्यात शिरण्याआधीच अडवावीत. हा सगळा खर्च सांडपाणी देणाऱ्याच्या खात्यावर टाकावा.

रब्बी आणि उन्हाळी आवर्तने ठरवायला कालवा सल्लागार समिती बसते. पालकमंत्री, आमदार, जलसंपदाचे अधिकारी, सगळे त्या एका खोलीत असतात. आजवर तिथे किती टीएमसी, कोणत्या तारखेला, कुणाला आधी, यावर भांडणे झाली. पुढच्या बैठकीला हवेली आणि दौंडच्या पाणी वापर संस्थांनी मुंढव्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागावा, आणि तो टेबलावर आल्याशिवाय बेबी कालव्याच्या आवर्तनाची तारीख मान्य करू नये.